एका गावाची फाईल

(बी. ए. द्वितीय वर्ष, भूगोल)

वार्षिकांकासाठी लेख मागविल्याची सूचना फलकावर लागली तेव्हा ‘विदर्भातील पर्जन्यमान’ या विषयावर लिहावे, असे माझ्या मनात होते. तो विषय सुरक्षित होता. परंतु मागील दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी जे घडले, त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. विषय संगणकावरील एका खेळाचा आहे. तेवढ्यावरून प्राध्यापकांनी पान उलटू नये, अशी विनंती आहे. यात नकाशा आहे, मोजणी आहे आणि एक गावही आहे.

मिहान हे नाव आता नागपूरकरांना नवे नाही. प्रकल्पाच्या लांबलचक इंग्रजी नावातील आद्याक्षरे जुळवून ते तयार झाले. मालवाहतुकीचे केंद्र आणि विमानतळ असा त्याचा अर्थ. त्यासाठी २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. आज तेथे विमानदुरुस्तीचे केंद्र आहे, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, एम्स रुग्णालय आहे, दहेगावच्या शिवारात आयआयएमची वास्तू आहे. खापरीहून २०१९ पासून मेट्रो धावते आणि मी तिनेच महाविद्यालयात येते. या सर्वांच्या खाली शिवणगाव, चिंचभवन, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव अशा गावांची जमीन आहे. कोणाचे शेत गेले, कोणाचे घरही गेले. आमचे दोन्ही गेले. तेव्हा मी सहा वर्षांची होते. मला आठवते ते एवढेच, की ट्रॅक्टरवर पाटा-वरवंटा ठेवताना आजीने तो स्वतःच्या मांडीवर घेतला होता.

आमच्या घराण्यात महाविद्यालयात येणारी मी पहिलीच. आतेभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन पुण्यास नोकरीला लागला. संगणकातले मला जे थोडेफार कळते ते त्याच्यामुळे. लेखात तांत्रिक चूक आढळल्यास ती माझी समजावी, दादाची नव्हे.

आता खेळाविषयी. माईनक्राफ्ट हा खेळ स्वीडनमधील मार्कुस पेर्सन यांनी २००९ साली प्रथम लोकांपुढे आणला. पूर्ण आवृत्ती २०११ मध्ये निघाली आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलर्सना विकत घेतली. त्यातले जग ठोकळ्यांचे असते. माती, दगड, लाकूड, पाणी, सारे एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशा घनाकृती ठोकळ्यांत. ठोकळा उचलावा, दुसरीकडे ठेवावा, एवढाच मूळ खेळ. भूगोलाच्या विद्यार्थ्याला यातली गंमत लगेच कळेल: एक ठोकळा म्हणजे एक मीटर, म्हणजे एकास एक प्रमाणाचा नकाशा. डेन्मार्कच्या शासकीय भूमापन खात्याने २०१४ साली आपला अख्खा देश या खेळात एकास एक प्रमाणात उभारून लोकांना खुला केला होता. त्याआधी, २०१२ पासून, संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने या खेळाच्या निर्मात्यांबरोबर ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ नावाचा उपक्रम चालविला. त्यात वस्तीतले लोकच आपले मैदान किंवा बाग आधी ठोकळ्यांत रचून दाखवितात, मग तज्ज्ञ त्यावर आराखडा करतात.

आमचे गाव मात्र कोणत्याही उपक्रमात नव्हते. ते दादाने सुरू केले, पुण्याच्या खोलीत एकटेपणा वाटू लागला म्हणून. गावठाणाचा जुना नकाशा त्याने मिळविला. गूगल अर्थमध्ये मागील वर्षांची उपग्रहचित्रे पाहता येतात, त्यांवरून गल्ल्यांची लांबी मोजली. पण उपग्रहाला छपरे दिसतात, ओटे दिसत नाहीत. ते काम आजीकडे आले. दादा पुण्याहून फोन करी आणि मी आजीजवळ वही घेऊन बसे. “दरवाजा कोणीकडे होता, आजी?” असे विचारले की ती हाताने हवेत दिशा दाखवी आणि म्हणे, “उगवतीकडे. अन् दारात शेवगा. शेवगा इसरू नको, बापू.” मी लिहून घेई, दादा ठोकळे रची. असे जवळजवळ दोन वर्षे चालले. मारुतीच्या मंदिराचा पार त्याने जगाच्या मध्यबिंदूवर, म्हणजे दोन्ही अक्ष शून्य येतात तेथे, ठेवला होता. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

हे जग दादाच्या लॅपटॉपमध्ये होते. खेळात ‘लॅनवर खुले करा’ अशी सोय आहे, तिने एकाच घरातील दुसऱ्या संगणकावरून आत येता येते. पण दादाने खेळ बंद केला की सर्वांचे गाव बंद. मावशीची मुले हैदराबादला, एक काका भिलाईला, आम्ही चिंचभवनला. सगळ्यांना आपापल्या सवडीने गावात येता यावे, यासाठी गाव एका वेगळ्या, सतत चालू राहणाऱ्या संगणकावर न्यावयास हवे होते. अशा संगणकास, आणि त्यावर चालणाऱ्या त्या कार्यक्रमासही, सर्व्हर म्हणतात. दिवाळीत दादा आला तो हेच ठरवून.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मला वाटे की जग म्हणजे खेळ आणि खेळ म्हणजे जग. तसे नाही. २०१२ सालच्या १.३ आवृत्तीपासून एकट्याने खेळतानाही खेळाचे दोन भाग एकाच वेळी चालतात. एक भाग जग सांभाळतो: ठोकळे कुठे आहेत, पाणी कुठे वाहते, गाय कुठे उभी आहे याचा सेकंदाला वीस वेळा हिशेब करतो. दुसरा भाग ते जग आपल्याला पडद्यावर दाखवितो. म्हणजे दादाच्या लॅपटॉपमध्ये एक लहानसा सर्व्हर आधीपासूनच होता. आम्हाला फक्त राखणदार बदलावयाचा होता. गाव तेच, कोतवाल नवा.

आणि जग म्हणजे काय? एक फोल्डर. खेळाच्या ‘सेव्ह्ज’ नावाच्या कप्प्यात प्रत्येक जगाचे एक फोल्डर असते. त्यात ‘लेव्हल डॉट डॅट’ नावाची छोटी फाईल असते. जगाचे बीज (ज्या एका संख्येवरून डोंगर, नद्या, जंगल आपोआप निर्माण होतात ती संख्या), दिवसाची वेळ, नियम, प्रथम उतरण्याची जागा, हे सर्व तीत. ‘प्लेअरडेटा’मध्ये प्रत्येक खेळाडूजवळच्या वस्तू. ‘एन्टिटीज’मध्ये गुरेढोरे. आणि ‘रीजन’ नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्यक्ष जमीन. ही जमीन ५१२ मीटर लांब आणि ५१२ मीटर रुंद अशा चौकोनांत कापलेली असते. एका चौकोनाची एक फाईल, आणि फाईलच्या नावात चौकोनाचा क्रमांक. तलाठ्याच्या दप्तरातले गट क्रमांक जसे असतात, तसे समजावे. आमचा पार शून्य-शून्यवर असल्यामुळे चार चौकोनांचे कोपरे नेमके पाराखाली मिळत होते. तीनशे मीटरांचे आमचे गाव चार फायलींत विभागले गेले होते. वायव्येला पाटीलवाडा, ईशान्येला शाळा, नैऋत्येला बौद्धवाडा, आणि आग्नेयेला आमचे घर.

दादाने एक जुना संगणक विकत आणला होता. आठ गिगाबाईट स्मरणशक्तीचा, पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. त्याच्यावर सर्व्हर बसविण्याचे काम त्याने माझ्याकडून करून घेतले. “मी सांगतो, तू कर. उद्या मी पुण्याले गेलो तं कोण पाहीन?” हे त्याचे म्हणणे. केलेली क्रिया क्रमाने सांगते.

प्रथम आवृत्ती पाहावी. आमचे जग १.२०.४ या आवृत्तीत होते, म्हणून सर्व्हरही त्याच आवृत्तीचा घेतला. सर्व्हर जगापेक्षा नवा असला तर जगाचे रूपांतर होते, आणि ते पुन्हा मागे फिरविता येत नाही. सर्व्हर जुना असला तर जगाची नासाडीच होण्याचा संभव असतो. ही आवृत्ती चालण्यास जावा १७ लागते. संगणकात त्याहून जुनी जावा असेल तर सर्व्हर चालूच होत नाही आणि इंग्रजीत एक लांब तक्रार दाखवितो. ती वाचावी. मी पहिल्यांदा न वाचताच दादाला हाक मारली होती.

सर्व्हरची फाईल निर्मात्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. ती एका रिकाम्या फोल्डरमध्ये ठेवून सुरू केली की ती लगेच बंद पडते. ही बिघाडाची खूण नव्हे. आपण करार मान्य केलेला नसतो. ‘युला’ नावाची एक फाईल तयार होते, तीत ‘फॉल्स’ आहे तेथे ‘ट्रू’ लिहावे लागते. त्याच वेळी ‘सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज’ ही दुसरी फाईलही तयार होते. सर्व्हरचा स्वभाव तीत ठरतो.

पुष्कळांची पहिली चूक येथे होते, असे दादा म्हणाला. करार मान्य करून सर्व्हर लगेच सुरू केला, तर आपले जग त्याला सापडत नाही, म्हणून तो मुकाट्याने एक कोरे जग निर्माण करतो. माणूस आत जातो आणि पाहतो तो काय, अनोळखी रान! आपले सर्व गेले असे वाटून त्याचे हातपाय गळतात. वास्तविक काहीच गेलेले नसते. जगाचे फोल्डर सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवावे आणि ‘लेव्हल नेम’ या ओळीत त्या फोल्डरचे नाव अचूक लिहावे, म्हणजे झाले. लिनक्सवर लहान-मोठी इंग्रजी अक्षरेही वेगळी धरली जातात, हे लक्षात ठेवावे.

आणखी एक ओळ आम्ही आधीच बदलली. दादाचे जग ‘पीसफुल’, म्हणजे राक्षसरहित होते. सर्व्हर मात्र या बाबतीत जगाचे ऐकत नाही, आपल्या फाईलचे ऐकतो. आणि त्या फाईलमध्ये मुळात ‘ईझी’ लिहिलेले असते. तसेच राहू दिले असते तर पहिल्याच रात्री स्फोट होणारे हिरवे प्राणी गल्लीत फिरले असते.

मग आम्ही जग आणले, पेनड्राइव्हवर. लॅपटॉपवरील खेळ पूर्ण बंद केला. चालू जगाची नक्कल करू नये, कारण अर्धे जग स्मरणात असते आणि अर्धे फाईलमध्ये. सर्व्हर सुरू झाला. आजीला खुर्ची दिली. शेजारचे काकाही आले होते. दादा आत उतरला तो थेट पारावर. मारुती जागच्या जागी होता. आजीने पडद्याला हात जोडले. दादा शाळेकडे गेला, पाटीलवाड्याला फेरी मारली, काका नावे घेत होते. मग तो आमच्या गल्लीकडे वळला.

गल्ली नव्हती. पाराच्या पलीकडे रेघ मारावी तशी सरळ कापलेली कडा, आणि पुढे टेकडी. टेकडीवर झाडे. चार गाई अर्ध्या मातीत रुतलेल्या होत्या, कारण गुरांची फाईल आली होती आणि जमिनीची आली नव्हती. आजी काही वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “इथंबी नेलं का?”

तो प्रश्न मी विसरू शकत नाही. माझ्या हाताला घाम सुटला होता, कारण नक्कल मी केली होती. पेनड्राइव्ह काढताना घाई केली, आणि फायली मोजल्या नाहीत. आग्नेयेकडची फाईल आलीच नव्हती. पण मग टेकडी कोठून आली? हे मला नंतर समजले. सर्व्हरला एखाद्या चौकोनाची फाईल सापडली नाही, तर तो चूक झाली असे म्हणत नाही. तेथे अजून कोणी गेलेले नाही असे समजून तो बीजावरून ती जमीन पुन्हा निर्माण करतो. बीज तेच असल्यामुळे दादाने दोन वर्षांपूर्वी पहिला ठोकळा उचलण्याआधी तेथे जी टेकडी होती, तीच हुबेहूब परत आली. जणू तेथे कोणी कधी राहिलेच नव्हते.

दादाने शांतपणे ‘स्टॉप’ असे टाइप करून सर्व्हर थांबविला. मूळ प्रत लॅपटॉपमध्ये होतीच. आम्ही ती तोडली नव्हती, तिची नक्कल केली होती. (हे एक वाक्य मी वहीत तांबड्या शाईने लिहून ठेवले आहे: जग हलवावयाचे ते नकलेने, मूळ प्रत सर्व काही तपासून होईपर्यंत तशीच ठेवावी.) मी पुन्हा बसले. या वेळी दोन्हीकडच्या फायली मोजल्या आणि प्रत्येकीचा आकार ताडून पाहिला. सर्व्हरने तयार केलेली टेकडीची फाईल काढून टाकून आमची ठेवली. गाईंचीही फाईल पुन्हा आणली. पुन्हा सुरू केले. गल्ली आली, ओटा आला, दारात शेवगा आला. आजी एवढेच म्हणाली, “शेंगा नाही लागल्या.” खेळात शेवगा नाही, दादाने तो दुसऱ्या झाडाची पाने लावून केलेला आहे.

खऱ्या स्थलांतराशी याची तुलना करण्याचा मोह मला त्या रात्री झाला आणि आताही होत आहे. चिंचभवनला आम्हाला भूखंड मिळाला, पक्के घर बांधता आले, नळ आला, हे मान्य केले पाहिजे. वडिलांना तेथील एका कंपनीत सुरक्षारक्षकाचे काम मिळाले. ज्या बाजूला त्यांचे संत्र्याचे झाड होते, त्याच बाजूच्या फाटकावर ते उभे असतात. पण ज्यांचा ओटा आमच्या ओट्याला लागून होता ते आता चार गल्ल्या पलीकडे राहतात. क्षेत्रफळ मोजून देता येते; कोणाच्या शेजारी कोण, याची कोणत्याही दप्तरात फाईल नसते. संगणकात मात्र शेजार हाच जमिनीचा क्रम असतो, तो नकलेत आपोआप येतो. असो. भूगोलाच्या विद्यार्थिनीने यापेक्षा जास्त बोलू नये.

दुसरे संकट लहान होते, पण समजून घेण्यासारखे. त्या दिवशी घरचे इंटरनेट बंद होते. इंटरनेटशिवाय आत जाता यावे म्हणून दादाने ‘ऑनलाइन मोड’ ही ओळ तात्पुरती ‘फॉल्स’ केली होती. टेकडीच्या गडबडीत कोणाच्या लक्षात आले नाही, पण दादा आत उतरला होता तो रिकाम्या हातांनी. त्याच्याजवळ खेळातली सात पुस्तके होती. कोणते घर कोणाचे, हे मी वहीत लिहिलेले त्याने त्या पुस्तकांत उतरविले होते. कारण असे की सर्व्हर माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला एक लांब ओळख-क्रमांक असतो आणि वस्तू त्या क्रमांकाच्या फाईलमध्ये असतात. ऑनलाइन मोड बंद केला की सर्व्हर खरा क्रमांक विचारीत नाही, नुसत्या नावावरून दुसराच क्रमांक तयार करतो. नाव तेच, माणूस नवा! रेशनकार्डावर नावाचे स्पेलिंग बदलल्यावर काय होते हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना अधिक सांगावयास नको. इंटरनेट आल्यावर ती ओळ पूर्ववत केली आणि पुस्तके परत मिळाली. ओळ बंद ठेवण्यात दुसरा धोकाही आहे: कोणीही कोणाचेही नाव लावून आत येऊ शकतो.

घरातल्या घरात हे सारे चालले, पण हैदराबादहून कोणी येऊ शकेना. बाहेरच्यांना आपल्या संगणकाचा पत्ता आणि दाराचा क्रमांक लागतो. या खेळाचे दार २५५६५. पत्ते जुन्या पद्धतीचे असल्याने जगात सुमारे ४२९ कोटीच आहेत आणि ते अपुरे पडतात. म्हणून इंटरनेट पुरविणारे पुष्कळ घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. आमचेही तसेच निघाले. वाड्याचा पत्ता आहे, पण आतल्या खोल्यांना क्रमांक नाहीत. पोस्टमन दारावरून परत जातो. राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नव्हता. शेवटी मुंबईतील एका केंद्रातला चार गिगाबाईटचा लहान सर्व्हर भाड्याने घेतला. महिन्याला सहाशे रुपये, सहा घरांत शंभर-शंभर. पंख्याच्या आवाजाचा संगणक आता माझ्या अभ्यासाला आला आहे. दुसऱ्यांदा जग हलविताना मी एकटीच होते, दादा पुण्यास परतला होता. फायली मोजल्या हे सांगणे नलगे.

खुले दार म्हणजे जबाबदारी. वर डेन्मार्कचा उल्लेख केला आहे. त्या सर्व्हरवर सुरुंग वापरता येऊ नयेत अशी व्यवस्था होती, परंतु सुरुंग भरलेली खाणगाडी बंद करावयाची राहून गेली. काही खेळाडूंनी तिने इमारती उडविल्या आणि त्या जागी अमेरिकेचे झेंडे उभारले. एका देशाचे शासकीय खाते जेथे चुकले तेथे आमची काय कथा! म्हणून आम्ही ‘व्हाइटलिस्ट’ चालू ठेवली आहे. यादीत नाव नसेल तर आत प्रवेश नाही. यादी सध्या नऊ नावांची आहे आणि ती माझ्या ताब्यात आहे. घरातली धाकटी मुलगी म्हणून आजवर माझ्या ताब्यात काही नव्हते, हे येथे नमूद करते.

दर रविवारी मी प्रत काढून ठेवते. सर्व्हर चालू असताना प्रत काढावयाची तर आधी ‘सेव्ह ऑफ’, मग ‘सेव्ह ऑल फ्लश’, मग नक्कल, आणि शेवटी न विसरता ‘सेव्ह ऑन’. हे शेवटचे मी एकदा विसरले होते. भिलाईच्या काकांनी दोन तास खपून रचलेला बैलगोठा केवळ स्मरणात होता, फाईलमध्ये उतरलाच नव्हता. सर्व्हर पडण्याआधी लक्षात आले म्हणून निभावले.

काम अजून चालू आहे. नैऋत्येकडची बारा घरे बाकी आहेत. तेथील एक आजोबा आता बुटीबोरीला मुलाकडे असतात, त्यांना भेटून मोजमाप घ्यावयाचे आहे. विहिरीच्या जागेबद्दल मात्र आजीचे आणि शेजारच्या काकांचे एकमत होत नाही. आजी म्हणते पाराच्या मागे, काका म्हणतात शाळेच्या वाटेवर. उपग्रहचित्रात त्या दोन्ही जागांवर झाडांची सावली आहे. दादाने तूर्त दोन्हीकडे विहिरी खोदून ठेवल्या आहेत.